आत्या ब्लाइंड जाते

साताऱ्याला मामाकडे दिवाळीत तीन पानी खेळतो. बूट एक रुपया, चाल दहाच्या वर नाही. एवढ्याशा पैशांना कुणी घाबरत नाही, म्हणून तिथे थाप चालत नाही. मामा तर पान लागल्याशिवाय चाल करतच नाही. त्याने दुसऱ्यांदा पैसे टाकले की मी जोडीसुद्धा निमूट पॅक करते.

सांगलीत आत्याकडे सगळं उलटं. ती गप्पा हाणत चार-चार चाली ब्लाइंड जाते. पानं बघितलेल्याला दुप्पट टाकावे लागतात, त्यामुळे बाकीचे वैतागून पॅक. मी तिथे दुरीची जोडी घेऊनही बसून राहते. तीन पानं २२,१०० प्रकारे येऊ शकतात, त्यातल्या १६,४४० वेळा काहीच लागत नाही. आत्याचं नशीब काय वेगळं आहे?

दादाला हे माझ्याहून चांगलं कळायचं. मग तो फोनवर खेळायला लागला. तिथे मामाचं थबकणं दिसत नाही, समोर नुसती टोपणनावं. २०२५च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला, तोवर त्याची बाइक विकून झाली होती.

यंदा आत्याने त्याच्यापुढेही पानं टाकली. त्याने न बघताच परत सरकवली.

"अरे, ब्लाइंड तरी जा की," आत्या म्हणाली.