बाविसावी

चार्ल्स डिकन्सची 'ए टेल ऑफ टू सिटीज' ही कादंबरी आम्हीं प्रथम वाचली ती कॉलेजांत असतांना. आणि शेवटच्या प्रकरणाशीं आल्यावर, आमच्या आधींचे असंख्य वाचक रडले त्याप्रमाणें, आम्हीहि सिडनी कार्टनसाठीं यथेच्छ रडलों. जिच्यावर प्रेम केलें तिच्या पतीच्या ऐवजीं गिलोटिनखालीं आपली मान देणारा तो व्यसनी वकील त्या वयांत कोणास भुरळ घालणार नाहीं? गेल्या पावसाळ्यांत तें पुस्तक पुन्हां हातीं आलें. डोळे या खेपेसहि ओलावले, परंतु कार्टनसाठीं नव्हेत.

त्या दिवशीं वधाच्या यादींत बावन्न जण आहेत. त्यांत शिवणकाम करून पोट भरणारी एक पोर आहे. लेखकानें तिला नांवहि दिलेलें नाहीं. कट केल्याचा तिच्यावर आरोप. पण आपल्यासारख्या दुबळीला कटांत घेणार कोण, हा तिचा भाबडा प्रश्न. कार्टन हा खरा कैदी नव्हे हें तुरुंगांत तीच ओळखते, आणि त्याचा हात धरूं देण्याची विनंती करते. प्रजासत्ताक गरिबांचें कल्याण करणार आहे, तेव्हां आपल्या मरणानें त्याचा लाभ होत असेल तर मरावयास आपली ना नाहीं, असें ती सांगते. मात्र तो लाभ कसा होणार तें तिला उमगत नाहीं.

येथें आम्ही थबकलों. कॉलेजच्या दिवसांत मित्रांशीं वाद घालतांना हेंच आम्हीं किती आवेशानें म्हटलें होतें! शेत नांगरावयाचें तर चार घरटीं मोडणारच, हा आमचा आवडता दाखला असे. एका स्नेह्यानें एकदां विचारलें, घरटें कोणाचें? तो प्रश्न आम्हीं हंसण्यावारी नेला. आतां तोच युक्तिवाद त्या पोरीच्या तोंडीं ऐकला, आणि तो करण्याचा अधिकार तिला होता, आम्हांस नव्हता, हें ध्यानांत आलें.

त्या गाड्यांतून बहुधा उमरावच जात होते, अशीहि आमची समजूत होती. डोनल्ड ग्रीअर या इतिहासकारानें 1935 सालीं दहशतीच्या राज्यांतील मृत्युदंडांची मोजदाद प्रसिद्ध केली. फ्रान्सभरांतील सुमारें 16,600 जणांपैकीं शेंकडा 85 च्या आसपास लोक उमरावहि नव्हते व धर्मगुरूहि नव्हते. डिकन्सजवळ 1859 सालीं हे आंकडे नव्हते. त्याच्यापुढें होता तो कार्लाइलचा 1837 चा ग्रंथ, व त्याचें ऋण त्यानें प्रस्तावनेंत मान्यहि केलें आहे.

म्हणून डिकन्स क्रांतीचा वैरी होता, असें म्हणणेंहि आम्हांस पटत नाहीं. मादाम डिफार्जच्या बहिणीची अब्रू एव्हरेमाँड घराण्यानें लुटली, भाऊ तरवारीनें मारला, बाप त्या धक्क्यानें गेला. ती विणकामांत शत्रूंचीं नांवें गुंफीत बसते तें कांहीं उगीच नव्हे. एवढें सारें सांगून मग लेखकानें तिला निव्वळ वाघीण करून टाकावें, आणि मिस प्रॉसशीं झालेल्या झटापटींत तिच्याच पिस्तुलानें मारवावें, हें त्याच्या उदार हृदयास शोभत नाहीं. ती आणि ती पोर, दोघी एकाच दारिद्र्यांतून आलेल्या. पण ह्या दोघींची गांठ लेखकानें कोठेंच घालून दिली नाहीं.

विणणाऱ्या बायका मोजतात, बावीस. पाठोपाठ तेवीस, म्हणजे कार्टन. मरतांना त्याला दिसूं शकलें असतें तें भविष्य डिकन्सनें सविस्तर लिहिलें आहे. ल्यूसी, तिचा मुलगा, तिचा म्हातारा बाप, वृद्ध लॉरी, सर्व त्यांत आहेत. त्या पोरीची नात्यांतली एक पोरकी बहीण दूर दक्षिणेंत एका शेतकऱ्याच्या घरीं राहते. हिला लिहितां येत नाहीं, म्हणून तिला कांहींच कळविलेलें नाहीं. कार्टनच्या भविष्यांत ती बहीण असेल म्हणून आम्हीं शेवटचीं पानें दोनदां उलटून पाहिलीं. ती तेथें नाहीं.