लगेज की पार्सल?

आमच्या शिरूरला रेल्वे नाही. सायकल गाडीत टाकायची तर दौंड गाठायचं. तिथे स्वतःचं तिकीट दाखवलं की सायकल 'लगेज' होते, एकटीच पाठवली की 'पार्सल'. सायकल तीच, नियम वेगळे.

सरहद्दीवर हाच भेद फार कडक आहे राव! म्युनिकचा आतेभाऊ लांब पल्ल्याला वापरलेल्या त्याच्या सायकलच्या पिशव्या आणि कॅरियर मला देतोय. म्हणाला, "गिफ्ट लिहून पोस्टाने टाकतो." म्हटलं, दादा थांब. डिसेंबर २०१९ पासून पोस्टाने किंवा कुरियरने गिफ्ट म्हणून पूर्ण सीमाशुल्क न भरता काही मागवायला बंदी आहे. सूट फक्त राखीला आणि जीवरक्षक औषधांना. बरं, गिफ्ट न म्हणता पाठवावं, तर वापरलेल्या मालाच्या आयातीला परवाना लागतो. जुन्या पिशव्यांसाठी परवाना कोण काढणार?

पण हेच सामान प्रवाशाबरोबर आलं तर ते 'बॅगेज'. त्याचे नियम बरेच सैल. म्हणून त्याला लिहिलंय, पिशव्या पाठवू नकोस, घेऊन ये. दौंडला उतर, तिथून शिरूरपर्यंत सायकलनेच येऊ.

आत्याने त्याला पाच वर्षांत पाहिलेलं नाही. पिशव्यांच्या निमित्ताने का होईना, यावं त्याने.