दोन तासांची अट

मनुष्याला भरीव संख्येचा मोह फार. नव्याण्णव धावांवर बाद झालेल्या फलंदाजासाठी सारे मैदान हळहळते. वास्तविक नव्याण्णव आणि शंभर यांमध्ये जेवढे अंतर, तेवढेच अठ्ठ्याण्णव आणि नव्याण्णव यांमध्येही आहे. पण अठ्ठ्याण्णवासाठी कोणी हळहळल्याचे ऐकिवात नाही. पहिल्या वर्गाची मर्यादा साठ टक्क्यांवर ठरली, की एकोणसाठवाला विद्यार्थी आमच्या दाराशी येऊन उभा राहतो. पंचावन्नवाला घरी निवांत असतो. अशा कित्येकांना गेल्या तीस वर्षांत आम्ही संख्यांच्या मिथ्यत्वावर एक छोटेसे प्रवचन आणि कपभर चहा देऊन परत पाठविले आहे. ते प्रवचन खरेच आहे, असे आम्हांस आजही वाटते. तथापि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी आमची उरलेली लौकिक आकांक्षा कोणती असे कोणी विचारलेच, तर उत्तर एका संख्येतच द्यावे लागेल. अर्धमॅरेथॉन दोन तासांच्या आत धावावी, एवढीच ती आकांक्षा.

या शर्यतीचे अंतर २१.०९७५ किलोमीटर. असले तिरपागडे माप गणित्याच्या डोक्यातून निघणे शक्य नाही. ते राजवाड्यातून निघाले. १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन विंडसरच्या राजवाड्यापासून निघाली आणि क्रीडांगणात राजघराण्याच्या आसनांसमोर संपली. ते अंतर भरले २६ मैल ३८५ यार्ड. पुढे काही वर्षे ज्याला जे सोयीचे ते अंतर, असा कारभार चालला. १९२० साली अँटवर्पला स्पर्धकांना ४२.७५ किलोमीटर धावविले, आणि त्या लांबलेल्या शर्यतीत बेळगावकडचे फडेप्पा दरेप्पा चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. १९२१ मध्ये लंडनचेच माप कायम झाले. त्याच्या निम्म्यात एकवीस किलोमीटरांना साडेसत्त्याण्णव मीटरांचे शेपूट राहिले. वाचकांस हा तपशील क्षुल्लक वाटेल. परंतु दोन तासांचा हिशेब मांडला म्हणजे दर किलोमीटरास पाच मिनिटे एकेचाळीस सेकंद येतात, आणि या गतीने ते शेपूट ओलांडण्यास तेहतीस सेकंद लागतात. शिवाय मार्ग मोजणारे लोक सायकलवरून, वळणांच्या आतल्या कडेने, शक्य तितक्या आखूड रेषेने मोजतात. आणि मार्ग कमी भरू नये म्हणून हजारी एक मीटर वर टाकतात. तेव्हा राजघराण्याचे तेहतीस सेकंद, मापकांचे सात, आणि गर्दीत आडवेतिडवे धावण्याचे दैवाधीन, एवढा कर भरून आम्हांस दोन तास गाठावयाचे आहेत.

आम्ही प्रथम धावलो ते जानेवारी २०१८ मध्ये, मुंबईस. २ तास २१ मिनिटे लागली. पुढल्या वर्षी २ तास १२ मिनिटे, आणि २०२० मध्ये २ तास ६. मग महासाथीमुळे मुंबईची शर्यत दोन वर्षे झाली नाही. २०२३ मध्ये २ तास २ मिनिटे झाली आणि २०२४ मध्ये २ तास ४१ सेकंद. पहिली नऊ मिनिटे निसर्गाने खिरापतीसारखी वाटली. पन्नास वर्षे खुर्चीत बसलेला मनुष्य नुसता उठून पळू लागला तरी तेवढे मिळतेच. नंतरचा प्रत्येक सेकंद मात्र घासाघीस करून घ्यावा लागला. आठवड्यातून चार दिवस विद्यापीठाच्या आवारातील झाडांखालून धावावयाचे. त्यांपैकी तीन दिवस इतक्या संथपणे, की सोबत्याशी अखंड बोलता यावे. (हा भाग प्राध्यापकास फारसा अवघड जात नाही.) एक दिवस मात्र वीस-पंचवीस मिनिटे अशा गतीने, की तोंडातून दोन शब्दांवर तिसरा फुटू नये.

जानेवारी २०२५ मध्ये, याच साधनेवर, किंबहुना तीत काहीशी भरच घालून, आम्ही पुन्हा मुंबईस गेलो. माहीमहून अंधारातच निघालो. सागरी सेतूवर दोन्ही बाजूंस काळे पाणी आणि हजारो बुटांचा एकच सपसप आवाज. दोन तासांत पोहोचविण्याचे व्रत घेतलेला एक तरुण पाठीवर ‘२:००’ असा फलक बांधून पुढे धावत होता. अशा माणसाला पेसर म्हणतात. वरळीच्या किनाऱ्यावर तो फलक आमच्यापासून दहा पावलांवर होता, आणि हाजीअलीपाशीही दहाच. पेडर रोडचा चढ लागला. दम ठीक होता, पायांत पेटके नव्हते, डोके शांत होते. आणि फलक वीस पावलांवर गेला. चढ संपला, उतार आला, तरी ते अंतर कमी होईना. मरीन ड्राइव्हवर उजाडू लागले तेव्हा तो फलक दिसत होता. पुढच्या वळणापाशी पाहिले तो दिसेना. घड्याळ २ तास १ मिनिट २ सेकंद म्हणाले. एकवीस सेकंदांनी आम्ही मागे आलो होतो.

एकवीस सेकंद म्हणजे काय? वारा असेल, उकाडा असेल, गर्दी असेल. पण तो आकडा पाहताच आम्हांस आमचे वडील आठवले. अठ्ठावन्नाव्या वर्षी ते सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. शाल, श्रीफळ आणि एक काठी मिळाली. काठीची गरज त्यांना तेव्हा मुळीच नव्हती. ती नेमकी कोणत्या दिवशी लागू लागली, हे घरात कोणालाही सांगता येत नाही, त्यांनाही आले नसते. म्हातारपण पाऊल न वाजवता येते, आणि सभोवतालची मंडळी सौजन्याने त्याला लपवू लागतात. ‘सर, तुम्ही मुळीच अठ्ठावन्नाचे वाटत नाही,’ हे वाक्य आम्ही आठवड्यातून दोनदा ऐकतो. शरीरशास्त्र इतके सौजन्यशील नाही. हृदयाच्या ठोक्यांची कमाल दशकाला सहासात ठोक्यांनी उतरते. रक्ताने प्राणवायू वाहून नेण्याची कमाल शक्तीही घटते, व्यायाम करणाऱ्याची थोडी सावकाश, एवढेच. म्हणजे सराव आमचे सेकंद कमी करीत होता आणि वय ते वाढवीत होते. या दोन रेषा कोठेतरी एकमेकींस छेदणारच. त्या २०२४ च्या ४१ सेकंदांपाशीच छेदल्या काय, एवढाच आता प्रश्न आहे.

आमच्या गणिताच्या तरुण सहकाऱ्यांनी यावर एक तोड काढली. वयस्क धावपटूंसाठी कोष्टके तयार आहेत. आपला वेळ त्या वयाच्या सर्वोत्तम वेळेशी ताडून टक्के काढावयाचे. त्यांनी कागदावर आकडेमोड करून सांगितले, ‘सर, वय धरले तर तुमची २०२५ ची धाव २०२४ पेक्षा सरसच ठरते. तुम्ही सुधारलात!’ कोष्टक शास्त्रशुद्ध आहे आणि त्यांचा हेतू निर्मळ होता. पण तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासलेल्या मनुष्यास कृपागुणांचा वास लांबूनच येतो. ते आम्ही हात आखडता न घेता वाटले आहेत, आणि वाटू. घेणे मात्र जमत नाही. त्या टक्क्यांत वय आधीच वजा केलेले असते, आणि आम्हांस तर नेमके तेच पाहावयाचे आहे.

कॅनडात एड व्हिटलॉक नावाचे एक गृहस्थ होते. २००४ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी पूर्ण मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंदांत धावली, आणि २०१६ मध्ये, पंच्याऐंशीव्या वर्षी, ३ तास ५६ मिनिटे ३३ सेकंदांत. बारा वर्षांत एक तास आणि पावणेदोन मिनिटे! २०१७ मध्ये ते वारले. सरावासाठी ते घराजवळच्या स्मशानभूमीला फेऱ्या घालीत. तेथे वाहनांची वर्दळ नसते एवढा साधा हिशेब त्यामागे असावा; साहित्याच्या प्राध्यापकाने त्यातून रूपक काढण्याचे कारण नाही. आमचे लक्ष त्या एक तासाकडे आहे. त्यांनी तो घड्याळासमोर, धावत धावत, सेकंदासेकंदाने जाऊ दिला.

आमच्या सौभाग्यवतींनी मागे विचारले, “अहो, दोन तासांवर एक मिनिट लागले म्हणून कोणाचे काय अडते?” कोणाचेच नाही, असे आम्ही म्हणालो. “मग गुडघ्याला तेल लावायला मला का उठवता?” याला उत्तर सुचले नाही. येत्या शर्यतीचा अर्ज भरून झाला आहे. अपेक्षित वेळ विचारली होती तेथे १ तास ५९ मिनिटे लिहिले आहे. उद्या रविवार. अठरा किलोमीटर धावावयाचे आहेत, त्यांतील शेवटचे सहा पाच-एकेचाळीसच्या गतीने, आणि पहाटे साडेचारचा गजर अजून लावावयाचा आहे.