गिटारच्या आवाजाला ऊब येते कुठून?

देहूत वाढलेला कान पखवाजावर तयार होतो. कीर्तनाआधी पखवाजी डाव्या तोंडावर ओली कणीक थापतो, थाप मारून बघतो, थोडी काढतो, पुन्हा लावतो. मनासारखा खर्ज मिळेपर्यंत हे चालतं. त्यामुळे इलेक्ट्रिक गिटार हाती आली तेव्हा तिच्या बटणांशी झटापट करणं मला कधी कंटाळवाणं वाटलं नाही. वाद्य आधी लावायचं, मग वाजवायचं, हे इथे सगळ्यांनाच ठाऊक असतं.

मला हवा होता ब्लूज-रॉकचा उबदार आवाज. त्याचा ठळक नमुना 1966 सालचा. जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्ससोबतच्या अल्बमसाठी एरिक क्लॅप्टनने गिब्सनची लेस पॉल मार्शलच्या ॲम्पला जोडली आणि स्टुडिओतही आवाज चढाच ठेवला. त्यामागे कारण आहे. व्हॉल्व्हच्या ॲम्पला झेपेल त्याहून जास्त सिग्नल मिळाला, की लहरींचे माथे एकदम छाटले जात नाहीत, गोलसर दबत जातात. मूळ सुरावर आणखी स्वरांश उमटतात आणि आवाज भरदार होतो.

पण त्यासाठी ॲम्प दणकून वाजवावा लागतो. भिंतीला भिंत लागलेल्या गावठाणात, शेजारी हरिपाठ चालू असताना, ते शक्य नाही.

म्हणून घरी छोटा ट्रान्झिस्टरचा ॲम्प आणि पुढे ट्यूब स्क्रीमरच्या जातीचा पेडल. मूळ ट्यूब स्क्रीमर इबानेझने 1970च्या दशकाच्या अखेरीस आणला. ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉननेही तो वापरला. तो खर्ज छाटतो, साधारण 700 हर्ट्झच्या आसपासचा मधला भाग उचलतो आणि लहरी हळुवार दाबतो. ड्राइव्ह कमी, लेव्हल जास्त, ही त्याची सगळ्यात कामाची जागा. ड्राइव्ह वाढवला की सूर जाड होण्याऐवजी किरकिरा होतो, तारेवरची बोटाची हालचालही त्यात बुडून जाते.

खरी गंमत मधल्या पट्टीची आहे. खोलीत एकट्याने वाजवताना बेस आणि ट्रेबल चढवून मिड उतरवला, की आवाज फार श्रीमंत वाटतो. कारण कमी आवाजात माणसाच्या कानाला खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 साली हे मोजून दाखवलं. तोच ॲम्प मोठ्याने लावला की खर्ज घुमायला लागतो आणि वरचे सूर कानाला टोचतात. सोबत ड्रम आणि बेस गिटार आले तर गिटार हरवतेच. भजनात बघा: खाली पखवाज, वर टाळांचा किणकिणाट आणि मधल्या जागेत गळा. गिटारलाही तीच जागा हवी. माझ्या ॲम्पवर बेस चारवर, ट्रेबल पाचवर आणि मिड सहा-सातवर असतो. मानेकडचा हंबकर पिकअप चालू आणि गिटारचं व्हॉल्यूम सातच्या आसपास.

ते व्हॉल्यूम दहावर ठेवून विसरून जाणारे बरेच वादक भेटतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं. बटण जरा मागे घेतलं की आवाज स्वच्छ होतो, पुढे नेलं की पुन्हा फाटायला लागतो. पेडलला पाय लावावा लागत नाही. मुंबईत मेहबूब स्टुडिओमध्ये 2011 साली महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला, तेव्हा पहिल्याच वर्षी ब्लूज गिटारवादक बडी गाय आला होता. भर रंगात एकदम कुजबुजीइतकं खाली उतरायचं आणि तिथून पुन्हा उसळायचं, ही त्याची ख्याती.

उरलेली ऊब डाव्या हातात असते. कोमल गंधारावर बोट ठेवून तार किंचित ओढायची, शुद्ध गंधारापर्यंत न्यायची मात्र नाही. दोन्ही गंधारांमधल्या त्या जागेवर ब्लूज उभं आहे, आणि ती जागा ॲम्पच्या कुठल्याच बटणावर मिळत नाही. दहा-शेहेचाळीस जाडीच्या तारांवर तिथे थांबायला बोटांत बळ लागतं. सध्या माझा रियाज तेवढ्याचाच चालू आहे.