नावात गंगा, पडद्यावर नर्मदा
जबलपूरहून वीस-बावीस किलोमीटरवर भेडाघाट. संगमरवरी कड्यांतून वाहणारी इथली नर्मदा १९६० च्या ‘जिस देश में गंगा बहती है’मध्ये दिसली. नावात मात्र गंगा! राज कपूर यांच्यामागे आर. के. स्टुडिओ होता. रिकाम्या खिशाच्या लघुपटकाराचे काय? त्याला दादासाहेब फाळके आठवावेत. वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून त्यांनी चिमुकला पट केला, तो दाखवून भांडवल उभे केले.

भेडाघाटचा सेट तर नदीनेच उभारलेला. फक्त उजेड सांभाळायचा. भर दुपारी पांढरा दगड डोळे दिपवतो, चेहरे काळवंडतात. धुवांधार धबधब्यापाशी संवाद ऐकूच येत नाहीत, ते मागाहून भरावेत. पावसाळ्यात नौका बंद असतात, तेव्हा चित्रीकरण दिवाळीनंतरच ठेवलेले बरे.