कंट्री कुणाची?

शाबूझीचं 'अ बार साँग (टिप्सी)' मला अर्धंच आवडतं. ध्रुवपद जे-क्वॉनच्या २००४च्या रॅप गाण्यावर बेतलेलं, म्हणजे जवळपास आयतंच. कडवी मात्र खरी आहेत. पेट्रोल, किराणा, दिवसभर राबूनही न पुरणारा पगार. ईएमआय भरणाऱ्या कुणालाही हे कळायला अमेरिकेत जावं लागत नाही.

पण 'हे कंट्रीच नाही' हा आक्षेप मला पटत नाही. फ्लोरिडा जॉर्जिया लाइनचं 'क्रूझ' (२०१२) रॅपर नेलीसोबतच्या रिमिक्सच्या जोरावर बिलबोर्डच्या कंट्री यादीत एकूण २४ आठवडे पहिलं होतं. मूळ गायक गोरे. यादीतून कुणी काढलं नाही. २०१९मध्ये लिल नॅस एक्सचं 'ओल्ड टाउन रोड' मात्र पुरेसं कंट्री नाही म्हणून त्याच यादीतून काढलं. मुख्य यादीत तेच १९ आठवडे पहिलं राहिलं. २०२४मध्ये शाबूझीनं तो विक्रम गाठला.

गंमत म्हणजे कंट्रीची ओळख असलेला बँजो अमेरिकेत आला तो आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांमुळे.

तेव्हा गाणं रटाळ वाटलं तर खुशाल रटाळ म्हणा, मीही म्हणतो. फक्त फूटपट्टी सगळ्यांना एकच लावा.