समुद्राखालचा नळ

मनुष्यस्वभाव असा आहे कीं, जी वस्तु आपली अखंड सेवा करते तिची आपणांस आठवण राहत नाहीं. दाढ दुखूं लागेपर्यंत दाढेची आणि गडी रजेवर जाईपर्यंत गड्याची महती कोणास कळते? आम्हीही याच वर्गांतले आहों, आणि याची कबुली देण्याचा प्रसंग गेल्या पौषांत उरणच्या पिरवाडी किनाऱ्यावर आम्हांवर आला.

भाऊच्या धक्क्यावरून लाँचनें मोरा बंदरास उतरून आम्ही आमच्या जुन्या घरीं गेलों होतों. बरोबर नऊ वर्षांचा नातू होता. संध्याकाळीं किनाऱ्यावर गेल्यावर आम्हीं मोठ्या ऐटींत त्याला सांगितलें कीं, मुंबईपासून सुमारें १६० किलोमीटर दूर, भर समुद्रांत तेलाच्या विहिरी आहेत आणि तेथील तेल नळानें इकडे येतें. त्यानें एकदां क्षितिजाकडे पाहिलें, एकदां वाळूकडे पाहिलें आणि विचारलें, "मग आजोबा, नळ कुठं आहे?"

दाखवावें असें तेथें कांहींच नव्हतें. तेव्हां आम्हांस केवळ शब्दांवर भागवावें लागलें. 'मुंबई हाय' या क्षेत्रांतील तेलाचा शोध १९७४ च्या फेब्रुवारींत 'सागर सम्राट' या छिद्रणनौकेनें लाविला. १९७६ च्या मे महिन्यांत तेल निघूं लागलें. प्रथम तें टँकरांनीं वाहून आणीत. परंतु पावसाळ्यांतील खवळलेल्या समुद्रावर जहाजें भरीत बसणें हा कांहीं नित्याचा मार्ग होऊं शकत नाहीं. म्हणून १९७८ मध्यें समुद्राच्या तळावरून उरणपर्यंत सुमारें २०० किलोमीटर लांबीचा नळ टाकण्यांत आला. येथें तेलांतील उडून जाणारा वायु वेगळा काढतात आणि तेल पुढें तुर्भ्याच्या शुद्धीकरण कारखान्यांकडे जातें.

समुद्राखालच्या अशा नळांचा संसारही मोठा खटाटोपाचा असतो. पोलादावर गंज न चढावा म्हणून लेप, आणि प्रवाहानें नळ हालूं नये म्हणून त्यावर काँक्रीटचें जड कवच. शिवाय त्याच्या अंगावर ठराविक अंतरानें दुसऱ्या धातूचीं कडीं घालतात. खारें पाणी पोलादाऐवजीं त्या कड्यांस खातें. स्वतः झिजून दुसऱ्यास वांचविणें एवढेंच त्यांचें काम. आंत मेण सांचतें, तें खरवडण्यासाठीं नळाच्याच व्यासाचें एक साधन तेलाच्या दाबानें या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलीत नेतात. हें सारें नीट चाललें, तर कोणास कांहीं दिसत नाहीं. १९९३ च्या मे महिन्यांत नळ फुटला आणि तेल समुद्रावर पसरलें, तेव्हां मात्र तो सर्वांस दिसला.

नातवाला हें सांगत असतां आमच्या मनांत दुसरीच गोष्ट घोळत होती. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. उरणासही वीज गेली, टेलिफोन मुके झाले. दुसऱ्या दिवशीं आम्ही रॉकेल मिळालें नाहीं म्हणून दुकानदाराच्या नांवानें खडे फोडीत होतों. संध्याकाळीं ट्रँझिस्टरवर बातमी आली कीं, मुंबई हायवर आग लागली आहे. शेजारच्या आईंचा मुलगा तेथें कामास होता. चौदा दिवस समुद्रावर, चौदा दिवस घरीं. त्या आमच्या ओटीवर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "दादा, तिथं सगळीकडे पाणीच ना? मग आग कशी लागते?" आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं.

पुढें कळलें तें असें. एका जहाजावरील आचाऱ्याचीं बोटें कापलीं होतीं. वादळी हवेमुळें हेलिकॉप्टर उडेना, म्हणून त्याला उपचारासाठीं मंचावर पोंचविण्यास जहाजच जवळ नेलें. तें मंचाच्या एका उभ्या वायुनळावर आदळलें, वायु सुटून पेटला, आणि सुमारें दोन तासांत सारा मंच नाहींसा झाला. २२ माणसें गेलीं. शेजारचा मुलगा वांचला. तसा निरोप तिसऱ्या दिवशीं आला. तोंवर त्या माउलीनें चूल पेटविली नव्हती. आणि आम्ही? ज्या तेलासाठीं हीं माणसें समुद्रावर राहतात, त्याचाच एक शिसा मिळाला नाहीं म्हणून आम्ही त्या दुपारीं संतापलों होतों. त्या रात्रीची लाज आम्हांस अजून वाटते.

परततांना लाँचचें यंत्र धडधडूं लागलें आणि डिझेलचा वास आला. नातू नाक मुरडून म्हणाला, "शी!" आम्हीं त्याला म्हटलें, "बाळ, तूं विचारीत होतास ना, नळ कुठं आहे? त्याचें हें टोक." तो कांहीं वेळ यंत्राकडे पाहत राहिला. मग त्यानें विचारलें, "आणि ते दादा आत्तां समुद्रावरच असतील?" आम्हीं दिवस मोजले. होय, ते चौदा दिवस चालूच होते.